दुर्गम राष्ट्रीय उद्यानात मुक्काम: आखणी परतीच्या टोकापासून

तंबू कोणता घ्यावा, हे बहुतेक जण सगळ्यात आधी विचारतात. दुर्गम राष्ट्रीय उद्यानात राहायला जायचं असेल तर हा प्रश्न बराच नंतरचा. त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात. ठरल्या दिवशी बाहेर कसं पडणार? आणि नाही पडता आलं, तर ते कोणाला, केव्हा आणि कसं कळणार?

उद्यान दुर्गम आहे का, हे किलोमीटरवर ठरत नाही. मदत पोहोचायला किती वेळ लागेल, यावर ठरतं. मोबाइलला रेंज नाही, जवळची गाडीवाट एका दिवसाच्या चालीपलीकडे आणि मधली एखादी नदी पावसावर अवलंबून, एवढं जमून आलं की जागा दुर्गम झाली, मग शहर नकाशावर कितीही जवळ दिसो. दुसऱ्या टोकाला अलास्कातलं गेट्स ऑफ द आर्क्टिक हे उद्यान आहे. ते पूर्णपणे आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला पसरलेलं आहे. आत एकही रस्ता नाही, आखलेली पायवाटही नाही. लोक छोट्या विमानाने उतरतात किंवा बाहेरच्या महामार्गावरून चालत आत शिरतात. अशा ठिकाणी परतीचं विमान दोन दिवस उशिरा आलं, तर ते दोन दिवस तुमच्या सॅकमध्ये आधीच असायला हवेत: अन्नाच्या, इंधनाच्या आणि औषधांच्या रूपात.

म्हणून ही सगळी आखणी परतीच्या टोकापासून मागे मागे येत करायची. पुढचा क्रमही तसाच लावला आहे.

ऋतू आणि नियम: इथे घाई नको

उद्यान मनात भरलं की लगेच तारखा बघितल्या जातात. त्याऐवजी आधी महिना ठरवा, आणि तो ठरवताना दिवसाचं सरासरी तापमान बाजूला ठेवा. उपयोगाचे आकडे वेगळे आहेत: रात्रीचं किमान तापमान, उजेडाचे तास, पावसाचे दिवस, बर्फ वितळण्याचा काळ, वणव्यांचा हंगाम आणि डासांचा हंगाम. शेवटची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात ऐन उन्हाळ्यात डास इतके असतात की डोक्यावरची जाळी नसेल तर दोन घास शांतपणे खाता येत नाहीत.

हवामानाचे आकडे ज्या केंद्रावर मोजलेले असतात ते बहुधा पायथ्याशी असतं. दर १,००० मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. केंद्र ६०० मीटरवर असेल आणि तुमचा मुक्काम २,६०० मीटरवर, तर तेरा अंश कमी धरा. पायथ्याला रात्री दहा अंश असताना वर उणे तीन असू शकतं, आणि वारा सुटला तर ते आणखी बोचतं.

नद्यांचं गणित तर महिन्यागणिक बदलतं. क्रिस मॅककॅन्डलेस हा तरुण एप्रिल १९९२ मध्ये अलास्कातल्या डेनाली राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेलगत एकटा आत गेला. जाताना टेकलानिका नदी त्याने चालत ओलांडली. जुलैमध्ये परत निघाला तेव्हा तीच नदी वितळलेल्या बर्फाने फुगून आडवी आली आणि त्याला मागे फिरावं लागलं. तो तिथेच मरण पावला, सप्टेंबरमध्ये त्याचा मृतदेह सापडला. त्याच्याजवळ त्या भागाचा तपशीलवार नकाशा नव्हता. जाताना ओलांडलेलं पाणी येताना तसंच असेल हे गृहीत धरायचं नाही. मार्गावरच्या प्रत्येक नदी-ओढ्यापुढे एक प्रश्न लिहून ठेवा: हे पाणी वाढलं तर दुसरी वाट कोणती?

नियम उद्यानागणिक फार बदलतात. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात ठरावीक जागा सोडल्या तर गाडीतून खाली उतरता येत नाही. तिथे पायी फिरायचं तर उद्यानाच्या सशस्त्र मार्गदर्शकांबरोबरच. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातलं आयल रॉयल हे बेटावरचं उद्यान १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल पूर्ण बंद असतं. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानाच्या रानात एक रात्र जरी काढायची असेल तरी परवाना लागतो, आणि अन्न अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात ठेवणं सक्तीचं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोन उडवायला बंदी आहे. एका उद्यानाच्या अनुभवावर दुसऱ्या उद्यानाचा नियम ठरवला की हमखास फसगत होते.

परवाना हातात आल्याशिवाय प्रवासाची तिकिटं काढू नका. अनेक उद्यानांत रोज किती जणांना आत सोडायचं याचा कोटा असतो, आणि लोकप्रिय वाटांचा कोटा काही महिने आधीच संपतो. परवान्यावर मुक्कामाच्या जागा आणि तारखा असतात. म्हणजे मार्ग अर्धवट ठरलेला असताना अर्ज केलात तर पुढे मार्ग परवान्याच्या मापाने कापावा लागतो.

वेबसाइट वाचून झाली की उद्यानाच्या कार्यालयात एक फोन करा. माझ्या मते अख्ख्या तयारीत या दहा मिनिटांइतकी मोलाची दुसरी गोष्ट नाही. फक्त "वाट कशी आहे?" असं मोघम विचारू नका, उत्तरही मोघमच येतं. नेमकं विचारा. अमुक ओढ्याला त्या आठवड्यात पाणी असतं का? अमुक खिंडीत बर्फ कधीपर्यंत टिकतो? पूल शाबूत आहे का? आग पेटवायला बंदी आहे का, आणि त्या बंदीत गॅसचा स्टोव्ह चालतो का? गेल्या काही दिवसांत कुठे प्राण्यांचा त्रास झाला? आणि शेवटी, "तुम्ही स्वतः जाणार असाल तर याच दिवसांत जाल का?" या शेवटच्या प्रश्नावर पलीकडचा माणूस क्षणभर थांबला, तर तेही उत्तरच आहे.

आत जाण्याची आणि बाहेर येण्याची सोय

छोटं विमान, बोट किंवा भाड्याची जीप, काहीही असो, उलट्या बाजूने ठरवा. आधी परतीचा दिवस आणि जागा पक्की करा, मग जाण्याची. धुकं आलं की छोटी विमानं उडत नाहीत, वाऱ्यात बोटी सुटत नाहीत. तेव्हा परतीच्या प्रवासाला पुढचं आंतरराष्ट्रीय विमान लगेच चिकटवू नका, मध्ये निदान दोन दिवस मोकळे ठेवा. चालकाला किंवा पायलटला लेखी विचारून घ्या: हवा बिघडली तर तुम्ही कधी पुन्हा प्रयत्न कराल, आम्ही कुठे थांबायचं, आणि संपर्क कसा?

सामानाचं वजनही विचारा. छोट्या विमानात माणसागणिक मर्यादा असते आणि तिथे दोन किलोसुद्धा भांडणाचा विषय होतो.

एक गोष्ट पहिल्यांदा जाणारे हमखास विसरतात. स्टोव्हचं इंधन प्रवासी विमानात नेता येत नाही, केबिनमध्येही नाही आणि चेक-इन सामानातही नाही. अस्वलाला पळवायच्या फवाऱ्याचंही तेच. या दोन्ही गोष्टी शेवटच्या गावात घ्यायच्या. म्हणून ते दुकान कोणत्या दिवशी उघडं असतं आणि तुमच्या स्टोव्हला बसणारी गॅसची बाटली त्यांच्याकडे आहे का, हे आधी विचारून ठेवा. तिथून पुढचं विमान छोटं असेल तर पायलटला फवाऱ्याबद्दल आपणहून सांगा. तो केबिनमध्ये फुटला तर काय होईल हे तुमच्यापेक्षा त्याला जास्त कळतं. पॉवर बँक याच्या उलट: ती हातातल्या बॅगेतच न्यायची. बहुतेक विमान कंपन्या १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी विनापरवानगी चालवून घेतात. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची भरते, म्हणजे ती बसते.

मार्ग आणि वेळेचा हिशेब

नकाशावर बोट फिरवून "रोज वीस किलोमीटर सहज" असं ठरवणं सोपं असतं. त्यापेक्षा १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने घालून दिलेला ठोकताळा वापरा: सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा, दिवसभरात १२ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ आहे. अंतराचे साधारण अडीच तास, चढाचे दीड, मिळून चार. पण हा हिशेब तंदुरुस्त आणि पाठीवर हलकं ओझं असलेल्या माणसाचा, त्यात विश्रांती धरलेली नाही. पाठीवर आठवडाभराचं ओझं असेल तर दीडपट करा, म्हणजे सहा. जेवण, फोटो, पाणी भरणं धरून साडेसात. पायवाटच नसेल, झुडपं किंवा दगडांची रास तुडवत जायचं असेल, तर तासाला दीड किलोमीटर झाला तरी खूप झालं.

पहिला दिवस मुद्दाम छोटा ठेवा. सॅक सगळ्यात जड त्या दिवशी असते, तिचे पट्टे अंगाला बसायचे असतात, आणि आत शिरता शिरता दुपार झालेली असते. चार-पाच दिवसांपेक्षा मोठा बेत असेल तर एक अख्खा दिवस रिकामा सोडा. तो पावसात तंबूत गेला तरी चालेल, नाही गेला तर आसपास भटकायला मिळेल. उंचीवर जाणार असाल तर अशा दिवसाला पर्यायच नाही. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एका उंचीवर दोन रात्री काढाव्यात.

मग नकाशावर सुटकेच्या वाटा खुणा करून ठेवा: इथे पाय मुरगळला तर मागे फिरणं जवळ की पुढे जाणं? या खोऱ्यातून कुठे उतरता येतं? त्याबरोबर रोजची मागे फिरण्याची वेळही ठरवा. "दुपारी दोनपर्यंत खिंडीत पोहोचलो नाही तर परत" हे घरी, डोकं थंड असताना ठरवायचं. खिंड समोर दिसत असताना ते ठरवायला बसलात तर खिंडच जिंकते.

नकाशा कागदी हवाच, शिवाय फोनमध्ये ऑफलाइन उतरवलेला. फोनचं जीपीएस रेंजशिवाय आणि एअरप्लेन मोडवरही चालतं, त्यामुळे मोड चालू ठेवून बॅटरी वाचवा. मात्र नकाशा खरोखर उतरला आहे का, हे घरीच वायफाय आणि डेटा दोन्ही बंद करून, झूम करून बघा. होकायंत्र घेत असाल तर त्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत किती अंशांचा फरक आहे हे नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं. तो पंधरा अंश असेल आणि तुम्ही सोडून दिलात, तर एका किलोमीटरला अडीचशे मीटरहून जास्त बाजूला जाल. धुक्यात तेवढ्याने खोरंच बदलतं.

सोबत्यांबद्दल थोडक्यात: गटाचा वेग म्हणजे सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग, आणि हिशेब त्याचाच धरायचा. दुर्गम भागात चार जण सोयीचे. एक जण जायबंदी झाला तर एक त्याच्यापाशी राहतो आणि दोघं मिळून मदतीला जातात.

निवारा, झोप आणि स्टोव्ह

आता तंबू. तीन ऋतूंत चालणारा, ज्याचं बाहेरचं आवरण जवळजवळ जमिनीपर्यंत येतं आणि जो तुम्हाला वाऱ्यात एकट्याने उभा करता येतो, तो चांगला. झाडं उगवायची थांबतात त्या उंचीच्या वर मुक्काम असेल तर वजनापेक्षा वाऱ्याचा विचार आधी करा. नवा तंबू थेट उद्यानात उघडू नका. घराजवळच्या मोकळ्या जागेत एकदा उजेडात आणि एकदा हेडलॅम्प लावून अंधारात उभारा. खुंट्या मोजा, दोऱ्या बांधून बघा, मग पाइपने पाणी मारून कुठे झिरपतं ते पाहा.

स्लीपिंग बॅगवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा फसवा असू शकतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार चाचणी झालेल्या बॅगवर तीन आकडे असतात. पहिला आरामाचा, म्हणजे एखादी बाई त्या तापमानाला सैल अंगाने झोपू शकते. दुसरा मर्यादेचा, ज्यात पुरुष अंग मुडपून कशीबशी रात्र काढतो. तिसरा टोकाचा, त्याचा अर्थ फक्त जीव वाचू शकेल इतकाच. खरेदी करताना आरामाचा आकडा बघा, आणि तो अपेक्षित किमान तापमानाच्या चार-पाच अंश खाली असू द्या. बॅगेइतकीच मॅट महत्त्वाची, कारण अंगाखाली दबलेलं भरण ऊब धरत नाही आणि थंडी जमिनीतून चढते. मॅटवर आर-व्हॅल्यू, म्हणजे थंडी अडवण्याच्या क्षमतेचा आकडा, लिहिलेली असते. रात्री गोठणार असेल तर चारच्या वरची घ्या. दोन मॅट एकमेकींवर टाकल्या तर त्यांच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते. म्हणून फुगवायच्या मॅटखाली फोमची एक पातळ मॅट घालावी. फुगवायची फुटली तरी रात्र निभावते.

कपड्यांत सुती काही नको. सूत ओलं झालं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. माणूस गारठून जातो तो बहुधा बर्फातच असं नाही. शून्याच्या थोडं वर तापमान, पाऊस आणि वारा हे त्रिकूट जास्त घात करतं, कारण तेव्हा कोणी सावध नसतं. कोरड्या कपड्यांचा एक जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, फक्त झोपण्यासाठी. सकाळी ओले कपडे परत चढवायचा कितीही कंटाळा आला तरी तो जोड चालताना घालायचा नाही.

गॅसच्या स्टोव्हला थंडीचं वावडं असतं. साधा ब्युटेन शून्याच्या आसपास बाष्प व्हायचा थांबतो, आयसोब्युटेन उणे बाराच्या सुमारास. प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत साथ देतो, पण त्याचा दाब जास्त असल्याने हलक्या बाटलीत तो थोडाच मिसळता येतो. गोठवणाऱ्या थंडीत बाटली रात्री स्लीपिंग बॅगेत घ्या, किंवा द्रव इंधनाचा स्टोव्ह न्या. इंधन किती लागेल याचा अंदाज बांधत बसू नका, मोजा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बाटली ठेवून आकडा लिहा. एक लिटर गार पाणी बाहेर वाऱ्यात उकळा आणि पुन्हा वजन करा. फरक म्हणजे तुमचा लिटरमागचा खर्च. नुसतं पाणी उकळून कोरड्या जेवणात ओतायचं असेल तर माणशी दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम लागतात. बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर आकडा दुप्पट-तिप्पट होतो. आणि पाऊस कितीही लागला तरी बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नका. आगीपेक्षा कार्बन मोनॉक्साइड घातक, कारण त्याला वास नसतो.

सॅकचं एकूण वजन शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करा. लांबच्या बेतात ते वर जातंच, पण जातंय हे ठाऊक असावं. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या जरा खाली ठेवा.

पोटाचं आणि पाण्याचं

दिवसभर ओझं घेऊन चालणाऱ्याला ३,००० ते ४,००० कॅलरी सहज लागतात. पिठूळ पदार्थ आणि प्रथिनं ग्रॅमला चार कॅलरी देतात, स्निग्ध पदार्थ नऊ. म्हणून दाणे, सुका मेवा, तेल, चीज हे वजनाच्या मानाने जास्त कॅलरी देतात. कोरडं अन्न माणशी दिवसाला ७०० ते ९०० ग्रॅम धरा आणि रोजची वेगळी पिशवी करून तिच्यावर वार लिहा. तसं केलं नाही तर तिसऱ्या दिवसापर्यंत चॉकलेट संपतं आणि शेवटी नुसते ओट्स उरतात. शेवटची पिशवी जादा दिवसाची, तिच्यावर वार लिहायचा नाही आणि तिला हात लावायचा नाही.

अस्वलांच्या प्रदेशात अन्नाच्या डब्याचा आकारच किती दिवस राहायचं ते ठरवतो. वास येणारं सगळं त्यात जातं: टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, लिपबाम, कचऱ्याची पिशवीसुद्धा. पहिल्या रात्रीचं जेवण तेवढं बाहेर ठेवता येतं, कारण ते झोपण्याआधी पोटात गेलेलं असतं. पाकिटांतली हवा टाचणीने काढून वरून चिकटपट्टी लावली की बरीच जागा निघते. डबा घरी भरून, झाकण लावून बघा. झाकण लागत नसेल तर एक दिवस कमी करा किंवा दुसरा डबा घ्या. मुक्कामाला डबा तंबूपासून शंभरेक मीटरवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. स्वयंपाकही तंबूपासून लांबच करायचा. उतारावर किंवा पाण्याकाठी डबा ठेवू नका, प्राण्याने ढकलला तर गडगडत जातो.

ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी शुद्ध करूनच प्यायचं. उकळणं सगळ्यात खात्रीचं: खळखळून एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. नळीदार फिल्टर जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतो, पण विषाणू त्याच्या छिद्रांपेक्षा बारीक असल्याने पार होतात. माणसांची वर्दळ असलेल्या पाण्यात त्यामुळे फिल्टरवरच भिस्त ठेवू नये. क्लोरीनच्या साध्या गोळ्यांना क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी दाद देत नाही. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या त्याला मारतात, पण त्यासाठी चार तास थांबावं लागतं. म्हणून फिल्टर आणि गोळ्या दोन्ही न्या. फिल्टर एकदा वापरला की आत पाणी राहतंच. ते गोठलं तर आतल्या बारीक नळ्या फाटतात आणि बाहेरून काहीही दिसत नाही, पाणी तसंच येत राहतं. थंडीत फिल्टर झिप लावायच्या पिशवीत घालून रात्री स्लीपिंग बॅगेत, दिवसा आतल्या खिशात. गोठल्याची नुसती शंका आली तरी तो बाद.

कोणाला काय सांगून जायचं

एप्रिल २००३ मध्ये एरन राल्स्टन हा गिर्यारोहक यूटामधल्या ब्लूजॉन कॅन्यनमध्ये एका सरकलेल्या शिळेखाली हात अडकून १२७ तास पडून होता. शेवटी त्याने स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली. कुठे जातोय हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

तेव्हा एक पान लिहा. त्यात रोजच्या मुक्कामाच्या जागा, सुटकेच्या वाटा, सगळ्यांची नावं आणि आजार, तंबूचा आणि सॅकचा रंग, गाडी कुठे उभी आहे, परवान्याचा क्रमांक, उद्यानाच्या शोधपथकाचा फोन. आणि ठळक अक्षरात एक वेळ: "अमुक तारखेला संध्याकाळी सहापर्यंत आमचा निरोप आला नाही तर या क्रमांकावर कळवा." ही वेळ तुमच्या अपेक्षित परतीपेक्षा थोडी पुढची ठेवा, म्हणजे जरासा उशीर झाला तर उगाच हेलिकॉप्टर उडणार नाही. पान अशा माणसाकडे द्या जो खरोखर फोन करेल. "येतील रे, जातात कुठे" म्हणणारा दोस्त या कामाचा नाही.

सोबत एक तरी उपग्रहाशी बोलणारं यंत्र हवं. पीएलबी म्हणून ओळखला जाणारा बीकन, म्हणजे संकटात बटण दाबून मदत मागायचं छोटं यंत्र, ४०६ मेगाहर्ट्झवर कॉस्पास-सार्सॅट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेला संकेत देतो. त्याला मासिक वर्गणी नाही, बॅटरी वर्षानुवर्षं पडून राहते आणि चालू केल्यावर किमान २४ तास संकेत देते. मात्र तो आधी तुमच्या नावावर नोंदवावा लागतो आणि त्यातून बोलता येत नाही. उपग्रह मेसेंजरला वर्गणी पडते, तो चार्ज करावा लागतो, पण "पाय मोडला आहे, शुद्धीवर आहे, तंबूत आहे" एवढं कळवता येतं आणि उत्तरही येतं. उशिराचा निरोपही घरी जातो. एकच घ्यायचं तर मी मेसेंजर घेईन. कोणतंही असो, ते सॅकच्या तळाशी नको, अंगावर हवं. नदीत सॅक गेली की यंत्रही जातं.

शिट्टीला बॅटरी लागत नाही. मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा, हा डोंगरांतला संकटाचा जुना संकेत आहे. उत्तर तीन शिट्ट्यांनी येतं.

औषधांच्या पिशवीत फोडांचा इलाज सगळ्यात जास्त वापरला जातो, तेव्हा चिकटपट्टी भरपूर घ्या. जखम दाबून बांधायचं साहित्य, लवचीक पट्टी, वेदनाशामक, जुलाबाची औषधं, क्षारसंजीवनी, ऍलर्जीची गोळी, आणि प्रत्येकाची रोजची औषधं जादा दिवसांसकट. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेला एक तरी गटात असावा.

तिथे पोहोचल्यावर

तंबूची जागा निवडताना आधी वर बघा. वाळलेली फांदी किंवा अर्धवट उन्मळलेलं झाड डोक्यावर असेल तर पुढे चला. मग खाली बघा. कोरडा नाला हा पाण्याचा रस्ता असतो, वर लांब कुठे पाऊस पडला तरी तो वाहतो. दरीच्या अगदी तळाशी रात्री थंड हवा साचते, थोडं वर सरकलं की फरक जाणवतो. पाण्यापासून साठेक मीटर लांब राहा, भांडीही तेवढ्याच अंतरावर घासा. शौचासाठी १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, पाणी, वाट आणि मुक्काम या तिन्हींपासून तेवढंच दूर. वापरलेला कागद पिशवीत घालून परत आणायचा. किळस वाटते खरी, पण प्राणी तो उकरून काढतात.

नदी उतरताना घाई करू नका. हिमनदीतून येणारं पाणी पहाटे सगळ्यात कमी असतं आणि दुपारनंतर चढतं, म्हणून अशी नदी वाटेत असेल तर आदल्या दिवशी अलीकडेच मुक्काम करून सकाळी उतरा. जिथे पात्र पसरट तिथून जा, चिंचोळ्या जागेतून नको. सॅकचा कंबरपट्टा सोडा, बूट घालूनच उतरा, काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला टेकवा. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगात असेल तर थांबा. मोकळा ठेवलेला दिवस याचसाठी असतो.

विजेचा कडकडाट चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर माथ्यावरून आणि दांड्यावरून खाली उतरा, एकटं झाड टाळा. तंबू विजेपासून वाचवत नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाऊ द्या.

बाहेर आलात की रेंजच्या पहिल्या ठिकाणी, आंघोळ आणि जेवणाच्या आधी, ज्याच्याकडे ते पान आहे त्याला कळवा. परवान्यात सांगितलं असेल तर उद्यान कार्यालयातही नोंद करा. बीकनचं बटण चुकून दाबलं गेलं असेल तर तो बंद करून बचाव केंद्राला फोन करून सांगा. बुटांच्या तळव्यातली माती आणि बिया तिथेच ब्रशने झाडा, दुसऱ्या उद्यानात त्या नकोत. घरी पोहोचल्याच्या दिवशीच तंबू पिशवीतून काढून पसरा, फिल्टर उलट्या बाजूने पाणी सोडून धुवा, आणि उरलेल्या गॅसच्या बाटलीचं वजन करून ते तिच्यावरच मार्करने लिहून ठेवा.